आधी तळावर उड्या मार

कॅनडातल्या किचनर शहरात, एका गॅरेजात गाडीला विंटर टायर बसेपर्यंत चित्रा ताटकळली होती. मागच्या बाकावर एक नवराबायको मराठीत बोलू लागले, तसे तिचे कान टवकारले.

"ॲलरॉय, ती नऊ हजारांची बोट घेतलीस?"

"सोडली, जोआना. वसईला पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. मी कौतुकानं इंजिन दाखवतोय, तर म्हणाले, आधी तळावर उड्या मार."

"मारल्यास?"

"पाय फळीतून आरपार! खाली सगळं कुजलेलं."

"अरे देवा! मी तर बसणारच नव्हते, पण मुलांना नेणार होतास तू."

"म्हणून दुसरी घेतली. जुनीच, पण ॲल्युमिनियमची. पाच हजारांत."

"तिच्यात मारल्यास उड्या?"

"पप्पांनी विकणाऱ्या गोऱ्यालाच मारायला लावल्या."

जोआना खुदकन हसली.

"बरं, मुलांची लाइफ जॅकेटं घेशील ना, तेव्हा एक माझंही घे."