उपाशी तोंडाचा वास

रक्त घेणारी : उजवी मूठ आवळा, ताई. सकाळपासून पोटात काही नाही ना?

ती : हे तुम्ही विचारताय? गेल्या खेपेला ह्यांना फोन करून तुम्हीच सांगितलंत ना, बाईंनी काहीतरी खाल्लेलं दिसतंय म्हणून!

रक्त घेणारी : अहो, वजन घटवायची पावडर सुरू केल्यावर कोलेस्टेरॉल आधी छान उतरलं आणि दहाव्या आठवड्यात एकदम वर. मला वाटलं...

ती : तुम्हाला वाटलं आणि आमच्या स्वयंपाकघराला कुलूप लागलं. किल्ली ह्यांच्या खिशात. बापलेकीचं जेवण मी रांधते, तेव्हा हे दाराशी पहाऱ्याला. मला दिवसाला चार पेले पावडर, तीही ह्यांच्या हातून.

रक्त घेणारी : कुलूप?

ती : लेक शाळेतून आली की माझ्या तोंडाचा वास घेते. बापाने कामच दिलंय तिला. "आई, पिकलेलं फळ खाल्लंस तू." तिच्या गळ्याची शपथ घेतली, तरी पटत नाही. अकरा वर्षांची पोर माझी उलटतपासणी घेते!

रक्त घेणारी : (सुई खाली ठेवत) तो उपाशीपणाचाच वास हो. इतकं कमी खाल्लं की अंगातली चरबी जळायला लागते, तोंडाला तसा गोडसर वास येतो.

ती : आणि तुमचा तो आकडा?

रक्त घेणारी : परवा डॉक्टर म्हणाले, तुमच्यासोबत ही पावडर घेणाऱ्या बऱ्याच बायकांचा वाढलाय. साठलेली चरबी विरघळते, तिच्यातलं कोलेस्टेरॉल रक्तात येतं. वजन स्थिरावलं की उतरेल. तुम्ही काही खाल्लं नव्हतं.

ती : परवा कळलं? आणि फोन? चहाडी करायला तासभरही लागला नव्हता तुम्हाला.

रक्त घेणारी : चुकलंच माझं. थांबा, आत्ता लावते... हॅलो, साहेब, लॅबमधून बोलतेय. बाईंनी चोरून काही खाल्लं नव्हतं. हो, माझीच चूक. वासही उपाशीपणाचाच... सोळा किलो उतरलंय, हो... अहो पण कुलूप... बरं. सांगते.

ती : काय म्हणाले?

रक्त घेणारी : म्हणाले, कळलं ते बरं झालं.

ती : आणि कुलूप?

रक्त घेणारी : वजन उतरतंय ना, म्हणाले. मग राहू दे.

ती : लेकीला सांगतो म्हणाले?

रक्त घेणारी : ते काही बोलले नाहीत.

ती : डावा हात घ्या. उजव्याची शीर हल्ली सापडत नाही.