एका खुर्चीत दोघी

लेक : बाबा, बाथरूम सोडा आता. आई टॉवेल घेऊन उभी आहे.

बाबा : तू एकटीच आत ये. आणि दार लाव पटकन, फोटो धुतोय, उजेड नको.

लेक : काय झालं? लाल दिव्यातसुद्धा चेहरा पांढराफटक दिसतोय तुमचा.

बाबा : ट्रेमध्ये बघ.

लेक : आईचा फोटो. छान आला की. अगं बाई! ही मावशी ना? आईच्या मांडीवर?

बाबा : मांडीवर नाही. मांडीतून.

लेक : आरपार बसलीय! पण या दोघी एकत्र बसणार नाहीत, म्हणून तर वेगवेगळे फोटो काढलेत ना तुम्ही?

बाबा : वेगवेगळेच काढले. मावशी पुढच्या दाराने गेली, मग तुझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तीच खुर्ची, तोच काळा पडदा. मधे फिल्म पुढे सरकवायची राहिली, दोघी एकावर एक उमटल्या.

लेक : राहिली कशी?

बाबा : माझ्या कॅमेऱ्यात खटका ओढल्याशिवाय पुढचा फोटो निघतच नाही, आणि खटका ओढला की फिल्म आपोआप सरकते. पण तो दुरुस्तीला, आणि माळ्यावरच्या या जुन्या डबा कॅमेऱ्याची किल्ली आठवणीने फिरवावी लागते. इतक्या वर्षांत आठवण ठेवायची सवयच गेली.

लेक : म्हणून म्हणत होते, माझ्या फोनवर काढा.

बाबा : फोनवर! शेंगदाण्याएवढं भिंग त्याचं.

लेक : मग तो प्लास्टिकचा कॅमेरा आणला होता, तो?

बाबा : त्यातनं पाहिलं की मोतीबिंदू झाल्यासारखं वाटतं.

लेक : दुरुस्तीवाले काय म्हणतात?

बाबा : सकाळीच फोन केला. म्हणतो, 'काका, तब्येत सुधारतेय, पण इतक्यात घरी सोडता येणार नाही.' चेष्टा करतो लेकाचा.

लेक : आणि उद्या आजीचा वाढदिवस. एका चौकटीत दोन्ही मुली, एवढंच मागितलंय तिने.

बाबा : दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवून देणार होतो. त्यातही डावीकडे कोण, यावरून केवढं रामायण! आता मावशी काही पुन्हा बसायला यायची नाही. आणि तुझ्या आईने बजावलंय, 'तिचा पदरसुद्धा माझ्या फोटोत दिसला तर बघा.'

लेक : पदर कुठला, अख्खी मावशी आलीय.

बाबा : हसू नकोस गं.

लेक : हसू नको तर काय! चार वर्षं अबोला, तोही आजीच्या शिलाई मशीनवरून. दोघींनाही धड शिवता येत नाही.

आई : दाराबाहेरच उभी आहे मी. मशीनवरून नाही, तेव्हा ती जे बोलली त्यावरून. उघडा.

बाबा : कागद खराब होईल!

लेक : कागद धुऊन झालाय, बाबा.

(दार उघडतं. आई ट्रेवर वाकते.)

बाबा : अगं, चूक माझी आहे. ती किल्ली—

आई : मोठा दिवा लावा.

बाबा : मी फाडूनच टाकतो, म्हणजे—

आई : दिवा लावा म्हटलं ना. ही अशी एका बाजूला कलून का बसलीय?

लेक : तूही कललीयस. दुसऱ्या बाजूला.

आई : हो की. अभ्यासाला आमच्यात एकच खुर्ची होती. ती या अंगाला, मी त्या अंगाला. एक जण उठली की दुसरी पडायची.

बाबा : तरीच! चेहरे एकमेकांवर कसे आले नाहीत, याचाच विचार करत होतो मी.

आई : हात आलेत.

लेक : कुठे?

आई : हे काय, मांडीवर. माझा खाली, तिचा वर. तेव्हाही तिचाच वर असायचा.

बाबा : मग? फाडू?

आई : फाडताय काय! आईला हाच द्या, मोठा काढून. वाळलीय हो ताई. प्रत्यक्षात मी बघितलंच नाही तिच्याकडे.

बाबा : पुन्हा असं व्हायचं नाही, शब्द देतो. माझा कॅमेरा एकदा परत आला की—

आई : येऊ दे की सावकाश. तिलाही एक प्रत काढा.