सगळ्या घराचं खाणं माझ्या पानावर

...आणि वर मलाच विचारतात, 'दुपारी चौदा बिस्किटं खाता तुम्ही?' चौदा! तुम्हाला सांगते, लग्नाला चार महिने झाले, या घरात अजून मला दुसऱ्यांदा भाजी मागायची लाज वाटते, आणि मी चौदा बिस्किटं खाईन? पण वहीत होती ना! माझ्याच अक्षरात, माझ्याच नावावर!

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या पोटाकडेच बघाल. आमची चिमणी, म्हणजे मोठ्या जाऊबाईंची मुलगी, वय वर्षं नऊ. नाव पडलं तेव्हा ती खरंच चिमणीएवढी होती म्हणे. पण परवापरवापर्यंत दुसऱ्या मजल्यावर यायचं तर मधल्या पायरीवर बसकण मारायची आणि तिथूनच ओरडायची, 'काकू, मी आले असं समज!' शाळेच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, हिची साखर अगदी काठावर आलीय, आत्ताच आवरा. आवरा म्हणजे कुठे आवरा? सासरे शिंपी, भाऊजी गवंडी, आमचे हे टेम्पोवर... विमा नावाची वस्तू आमच्या घरात कुणी पाहिलेली नाही. तेव्हा उरला तो चपलांच्या दुकानामागचा मोफत दवाखाना, विमा नसलेल्यांचा. दोन खोल्या, नऊ खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती, आणि ती नेमकी माझ्याच वाट्याला!

तिथे अशा मुलांसाठी बारा गुरुवारांचा कार्यक्रम. पण अट काय, तर मूल एकटं चालणार नाही, अख्खं घर हजर पाहिजे. डाएटवाल्या मॅडम म्हणाल्या, 'पोरगी जेवते कुठे? घरात. मग औषधही घरालाच!' प्रत्येकाने खाल्लेलं सगळं वहीत लिहायचं, माणशी एक पान. दर गुरुवारी चिमणी काट्यावर. वही आणि काटा जुळले नाहीत, तर जागा पुढच्या मुलाला. भिंतीवर यादीच लावलीय, एकतीस मुलं ताटकळतायत!

वही कुणी लिहायची? 'सूनबाईचं अक्षर कसं मोत्यासारखं!' झालं. मोती पडले गळ्यात.

पहिल्याच दुपारी सासूबाई ओट्याशी आल्या, आवाज एवढासा. 'अगं, पोरीचं तोंड सुकलं होतं गं, दोन बिस्किटं दिली. तिच्या पानावर नको लिहूस, मॅडम रागावतील. माझ्या पानावर तरी कशाला, मला मेलीला गुडघ्याचा त्रास. तू काटकुळी, तुला कोण बोलणार? लिही तुझ्या नावावर!' मी लिहिलं. मग सासरे, शिलाई मशीनवरून न उठता, 'सूनबाई, ती बारा बिस्किटं लिही हो तुझ्या नावावर!' मग भाऊजी, वेफर्सचं पाकीट पाठीमागे धरून, जसं काही मला ते दिसतच नाही! मग जाऊबाई, स्वतःच्याच लेकीला आइस्क्रीम चारून, आणि डोळ्यांत पाणी, 'रडत होती हो...' आणि आमचे हे? 'अगं, एकच चॉकलेट. नवऱ्यासाठी एवढं नाही करणार? लिही तुझ्या नावावर!' काय सांगू तुम्हाला, त्या वहीत मी एकटी सात माणसांचं खात होते, आणि चिमणी? चिमणी काकडी खात होती! तीन वेळा काकडी!

पाचवा गुरुवार. चिमणी काट्यावर चढली, आणि काटा... वर! मॅडमनी वही उघडली. 'काकडीने काटा हलत नाही हो,' म्हणाल्या, आणि पान उलटून माझ्याकडे बघितलं, 'तुम्ही चौदा बिस्किटं खाता?' मी घरच्यांकडे पाहिलं. सासूबाई चष्म्याशिवाय भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र वाचत होत्या. भाऊजींची नाडी सुटली होती, बुटाची हो! आमचे हे छताचे पंखे मोजत होते, एकच होता. मी म्हटलं, '...हो. भूक लागते मला.'

मॅडमनी उसासा टाकला आणि पेन चिमणीच्या नावावर टेकवलं. खोडायला! आणि चिमणीला कळलं. ती काट्यावरून उतरली आणि चपला शोधायला लागली.

तुम्हाला सांगते, माझं तोंड कसं उघडलं मलाच माहीत नाही. 'मॅडम, थांबा! मी नाही खात. तीच खाते. दोन सासूबाईंनी दिली, बारा सासऱ्यांनी, वेफर्स भाऊजींनी, चॉकलेट यांनी, आइस्क्रीम जाऊबाईंनी...' या घरात आल्यापासून बोलले नव्हते तेवढं एका दमात! सासूबाई माझ्याकडे अशा बघतायत, जशी मी तिजोरीच फोडली. आणि चिमणी हळूच म्हणते, 'काकू, आजोबांनी बारा नाही, अठरा दिली. सहा तुला सांगितलीच नाहीत.'

मॅडम हसल्या! म्हणाल्या, 'जागा राहील. पण वही आता चिमणी लिहील, सगळ्यांची.'

मग काय विचारता! पोलीस परवडला. दारात उभी, कानामागे पेन्सिल. 'आजी, तोंड हलतंय. काय आहे?' हिला चोरून देणार कोण? द्यायला हात पुढे आला की आधी त्या हाताचं नाव वहीत! सासरे साखरेशिवाय चहा प्यायला शिकले, भाऊजी वेफर्स बांधकामावरच संपवून यायला लागले आणि तिथलंही कबूल करायला लागले. आणि बाराव्या गुरुवारी चिमणी दोन्ही जिने न बसता चढली, वर येऊन धापा टाकत म्हणाली, 'आले. खरंच आले.' साखर काठावरून मागे सरकली होती. जाऊबाई रडल्या, या वेळी आइस्क्रीमशिवाय.

पण त्याच्या दोनच दिवस आधी, कपडे वाळत घालून आले, घरात कुणी नव्हतं, डबा समोर होता... दोन घेतली हो मी. दोनच! चार महिन्यांत पहिल्यांदा, दाराआड, उभ्या उभ्या. दुसरं अर्धं तोंडात असताना पेन्सिलीचा आवाज आला.

त्याच बाराव्या गुरुवारी मॅडमनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, 'काकू. बिस्किटं दोन. दाराआड.' आणि सासूबाई, गुडघा विसरून, ताडकन खुर्चीतून उठल्या, 'बघा! मी पहिल्यापासून सांगत होते ना, हीच खाते म्हणून!'