रिकामा चौकोन

अरुणा : …आणि एसीचं पाणी पुन्हा खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. वॉचमन म्हणतो, इंशाल्ला उद्या. आखातातल्या या अख्ख्या माहूजमध्ये त्याचा उद्या काही उगवायचा नाही. बस ना, कॅरोलिन. पिशवीत काय आणलंस?

कॅरोलिन : युनिफॉर्म. माझी इस्त्री जळली गं. उद्या चौकशी कमिटीसमोर चुरगळलेली नको दिसायला.

गुरुप्रसाद : उद्याच आहे का ते, सिस्टर?

कॅरोलिन : घरी तरी सिस्टर म्हणू नका, भाऊ. समोरासमोर दारं आपली. आणि तुम्हालापण बोलावलंय ना? हॉस्पिटलच्या आयटीतून तुमचंच नाव ऐकलं मी.

गुरुप्रसाद : रुटीन असतं ते. सर्व्हर चालू होता का, एवढंच विचारतील.

कॅरोलिन : होता ना?

गुरुप्रसाद : सर्व्हर चालूच होता.

अरुणा : दे तो युनिफॉर्म इकडे. मी करते.

कॅरोलिन : भाऊ, मला एकदा नीट समजवा. मआमीर गावच्या त्या म्हाताऱ्याला आणलं तेव्हा तो शुद्धीत नाय, सोबत कोण नाय. मी त्याच्या कार्डावरून कॉम्प्युटरवर पान उघडलं. नाव आलं, वय आलं. अ‍ॅलर्जीचा चौकोन रिकामा. म्हटलं, बरं, काय नाय. इंजेक्शन दिलं. माणूस माझ्या हातात गेला. आणि सकाळी तेच पान उघडलं, तर चौकोनात लाल अक्षरांत पेनिसिलीन. कमिटीकडे त्याचाच प्रिंट आहे.

गुरुप्रसाद : लोड असला की पान भरायला कधीकधी वेळ लागतो.

कॅरोलिन : तसं सांगाल उद्या?

गुरुप्रसाद : जनरल सांगेन.

अरुणा : जनरल.

कॅरोलिन : माझा नवरा वॉरन वसईहून रोज फोनवर विचारतो, तुला नक्की आठवतं का? लायसन्स गेलं तर इथे काय नि तिथे काय, कोण मला पट्टीपण बांधू देणार नाय. आधी ठाम होते मी. आता डोळे मिटले की चौकोन कधी रिकामा दिसतो, कधी लाल. मीच बघितलं नसेल, बाय. रमजानची रात्र, वॉर्डात जत्रा लोटलेली.

गुरुप्रसाद : एवढ्या गर्दीत कुणाचंही लक्ष चुकू शकतं. कमिटी समजून घेईल.

अरुणा : अहो.

गुरुप्रसाद : काय वाईट बोललो मी?

अरुणा : तुमची ती सर्व्हरची रात्रीची कॉपी कशी घेतात, सांगा तिला. वाण्याचं उदाहरण देऊन मला सांगितली होती, तशी.

गुरुप्रसाद : तिला काय करायचंय त्याचं?

अरुणा : मग मी सांगते. वाण्याला मालाची मोजदाद करायची असते. गिऱ्हाईक न थांबवता करायची, तर मधे आलेला माल ठेवायला बाजूला जास्तीची जागा लागते. ती नसली की शटर अर्धं खाली ओढायचं.

गुरुप्रसाद : जागा मागितली होती मी. मेलवर मेल केले. डिस्कचं पुढच्या बजेटला बघू, म्हणाले.

कॅरोलिन : म्हणजे रोज रात्री शटर अर्धं खाली?

गुरुप्रसाद : थोडाच वेळ. अर्धं पान येतं, बाकीचं अडकतं. एरवी त्या वेळी पान उघडायला असतं कोण?

कॅरोलिन : रमजानात रात्रीच तर दिवस असतो, भाऊ.

गुरुप्रसाद : कॉपीची वेळ बदलायची राहून गेली. आता बदललीय.

कॅरोलिन : आता.

(इस्त्रीची वाफ सुटते.)

कॅरोलिन : पण तुम्ही घरी झोपलेले. तिकडे काय अडलंय, ते तुम्हाला कोण सांगणार? आणि तुमची स्पृहा यंदा बारावीला. तुमची नोकरी गेली तर भर वर्षात तिला घेऊन कुठे जाल? जाऊ दे. मी म्हणेन, मी पाहिलं नाय. खलास.

गुरुप्रसाद : तुम्ही फार समजूतदार आहात, सिस्टर.

अरुणा : ताहिरचा फोन आला होता.

गुरुप्रसाद : अरुणा.

अरुणा : रजिस्ट्रेशनवरच्या ताहिरचा. त्याच रात्री. सगळे स्क्रीन अडकलेत, सोडवा म्हणून. हे म्हणाले, होऊ दे पूर्ण, मधेच तोडली तर सगळी कॉपी वाया जाईल.

कॅरोलिन : ताहिर तर म्हणतो, त्याला काय आठवत नाय.

अरुणा : कसं आठवेल? त्याचाही व्हिसा नोकरीवरच आहे.

गुरुप्रसाद : पुरे झालं, अरुणा. उद्या काय ते मी बघतो.

अरुणा : काय बघणार? फोन ठेवल्यावर तुम्ही मला विचारलं होतं, थांबवू का गं. कॅरोलिन, मी जागीच होते. मी म्हटलं, झोपा.