कपाळापुरतं सिलेक्शन

आष्ट्याच्या फोटो स्टुडिओत ऋषिराजच्या कॉम्प्युटरवर शालूबाईंच्या मुलाच्या लग्नाचा फ्लेक्स सिद्ध होत होता. शालूबाई शेजारीच बसल्या होत्या आणि संस्कृतिरक्षणाचे कार्य त्यांचे दीर लालासाहेब जातीने पाहत होते.

"लालासाहेब, काकूंचं कपाळ सिलेक्ट केलंय. एआयला कुंकू पुसाया सांगू?"

"पूस. दादा गेल्यावर वैनीला कुंकू शोभत न्हाई."

"आवं भावजी, फोटोत ह्ये माझ्या शेजारीच हुबं हायती न्हवं?"

"व्हय. नवरदेवाचा बाप हाय, दादाला ठिवायचाच."

"मग त्यांच्या देखत माझं कुंकू पुसताय?"

"भावकी नावं ठिवंल, वैनी."

"आदी तुमच्या दादाला पुसा, मग माझ्या कपाळाला हात लावा."

"ऋषिराज, ऱ्हाऊ दे कुंकू."

"सिलेक्शन काढू का मग, काकू?"

"नगं, असू दे. कुंकू जरा मोठं कर. भावकीला लांबनं दिसाय पायजे."