पाण्याखालचे बांध

हॉलंडात अण्णांना काय आवडलं, असं भोरला सगळे विचारतात, म्हणून सांगतो. नोकरीमुळे मी तिथं नदीकाठच्या एका लहानशा तटबंदीच्या गावात राहतो. गेल्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आले होते. शेजारचे एक आजोबा आम्हाला तट दाखवत होते आणि मी अण्णांना मराठीत सांगत होतो.

"पूर्वी शत्रू आला की गावकरी नदीचं पाणी सोडून स्वतःचीच शेतं बुडवायचे. मग सैन्याला पुढं येता यायचं नाही."

"आन् शत्रू गेल्याव?"

"पाणी काढून टाकायचे."

अण्णा तटावरच बसले. हिर्डोशीकडचं आमचं घर आणि भाताची खाचरं धरणात गेली, तेव्हा मी पाळण्यात होतो. अण्णांनी तो विषय घरात कधीच काढला नव्हता.

"त्यास्नी इचार, पाणी गेल्याव ज्याचं त्याला बांध सापडायचं का?"

मी विचारलं. आजोबा हसले. "सापडायचे की! आपली जमीन कुठं होती, हे कोण विसरेल?"

मी ते सांगितलं. अण्णा खालच्या हिरव्या कुरणांकडं बघत राहिले.

"म्या बी न्हाई इसरलो," ते म्हणाले. "उंबरापासनं चवथं खाचर आपलं."