राक्षस तुमचा, आई माझी

चहा घ्या, पण आधी हे ऐका. मी नऊ वर्षांची असताना औंधात एका कंपनीने चित्रकथेच्या पुस्तकावरून एक सिनेमा काढला. त्यातल्या गर्दीच्या प्रसंगात माझी आई उभी होती. तो तंबूच्या टॉकीजमध्ये लागला तोवर आई वारलेली. तिचा फोटो नाही. ती आहे फक्त त्या सिनेमात.

तो सिनेमा परत बघायचा म्हणून मी धडपडले, तर माझा वकील पुतण्या म्हणाला, "काकी, साठ वर्सं उलटली, सिनेमा आता समद्यांचा. पण त्या पुस्तकाचा चित्रकार लई मागनं वारला, त्याच्या चित्रांचा हक्क अजून वारसाकडं हाय. त्याला इचारल्याबिगर कोण दाखवंल?"

मी सांगलीला त्या वारसालाच फोन लावला. "आवं, राक्षस तुमचा, राजकन्या तुमची. गर्दीतली बाई माझी आय हाय. तिच्यावर तुमचा कसला हक्क?"

तो म्हणाला, "आजी, परवानगी आत्ता लिहून देतो. पण रीळ कुठंच उरलं न्हाई. मीबी सिनेमा बघितला न्हाई. तुमी बघितलाय न्हवं? आमच्या बाबांचा राक्षस कसा दिसत हुता?"

एवढी तोंडाळ मी, पण थाप मारवेना. शेवटी खरं ते सांगितलं, "लेकरा, राक्षस मी बघितलाच न्हाई. मी आयलाच शोधत हुते."